आधी विसर्जन, मग प्रतिष्ठापना

चार वर्षांच्या पोराच्या हातात रंग दिले की घरातली झाडून सगळी मोठी माणसं समीक्षक होतात. पहिला प्रश्न ठरलेला, "हे काय काढलंयस?" माझी नात विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देते. आजोबांना हत्ती, शेजारच्या काकूंना पाऊस. चित्र एकच, आणि तेही अजून चालूच असतं. मला मात्र तिने "आजी, तू मध्ये बोलू नको" अशी तंबी दिली आहे.

खरं तर पोर काही करत असताना मध्ये बोलू नये, हे आम्हा भोपाळकरांना कुणी शिकवायला नको. इथल्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' मासिक १९८५ पासून निघतंय. त्यातलं 'मेरा पन्ना' हे सदर म्हणजे पोरांनीच काढलेली चित्रं, पोरांनीच लिहिलेलं. पलीकडे होशंगाबादला १९७२ साली विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी उत्तर घोकू नये, प्रयोग आपल्या हाताने करून बघावा, एवढाच हट्ट. तो तीस वर्षं चालला. आलेल्या पाहुण्यांना हे सगळं आम्ही अभिमानाने सांगतो. मग बालवाडीचं प्रदर्शन जवळ येतं. न्यू मार्केटातून थर्माकोल आणि चमकी येते, आईबाप मध्यरात्रीपर्यंत सौरमाला चिकटवतात आणि सकाळी पोर ती हमालासारखं शाळेत पोचवतं. बक्षीस कुणाच्या आईला मिळालं, ही चर्चा पुढे आठवडाभर पुरते.

नातीला आम्ही भीमबेटक्याला नेलं होतं. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी १९५७ साली तिथली गुहाचित्रं उजेडात आणली. मराठी माणूस, त्यामुळे तिथे आमची छाती जरा जास्तच फुगते. चिडियाघर म्हणतात त्या खडकावर चित्रावर चित्र, त्यावर आणखी चित्र. कुणाच्या जनावरावर कुणी घोडेस्वार काढून ठेवलेत. जागेची टंचाई म्हणावी, तर आसपास कोरे खडक काही कमी नाहीत. मला तरी वाटतं, त्या मंडळींना चित्र हवं नव्हतं, चित्र काढणं हवं होतं. चित्रांना हात लावू नये, हे मी नातीला समजावलं. ती म्हणाली, "त्यांची आई रागावते?"

यंदा सुनेने ठरवलं, गणपती घरीच करायचा, नातीच्या हातून. पुण्याच्या आत्याला तसं कळवूनही टाकलं. माती भिजवली, पाट मांडला, फोन हातात घेऊन सून तयार. पोट झालं, सोंडही लागली. मग डोळ्यांसाठी मोहरी आली आणि घात झाला. नातीने मोहरीचा दाणा अंगठ्याने दाबला, तो आत गेला. तिने उकरून काढला. "सापडला!" पुन्हा दाबला, पुन्हा उकरला, पुन्हा "सापडला!" या लपंडावात डोकं गेलं. वाटीतलं पाणी ओतलं तेव्हा सोंड गेली. "बाप्पा आंघोळ करतोय," नात म्हणाली. कोपरापर्यंत चिखल, चेहऱ्यावर ब्रह्मानंद. सुनेचा धीर सुटला, "अहो आई, हिला आवरा ना! आत्ता तर बरा दिसत होता!"

मी कशाला आवरू? भरबाजारातून निवडून आणलेली सुबक मूर्ती आपणच वाजतगाजत पाण्यात सोडतो, तेव्हा कुणी हळहळत नाही. पोरीने तेच जरा लवकर उरकलं, एवढंच. तेही मोदकांची वाट न बघता.

संध्याकाळी सून गुपचूप बाजारातून मूर्ती घेऊन आली आणि आत्याला तिचाच फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "बाई गं, काय सुबक केलाय! डोळे तर बघ! हिला आत्तापासूनच क्लासला घाला."