पाचाची मर्यादा

व्हॉट्सॲपच्या कारागिरांचं कौतुक करावं तेवढं थोडं. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजार भरलेला. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी एसटीतून उतरले. ‘मुलं पळवणारी टोळी’ हे ढकलपत्र त्यांच्या आधीच पोचलं होतं. एसटीला थांबे असतात. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाच जण गेले.

कंपनी हळहळली. त्याच महिन्यात तोडगा जाहीर: भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येईल. वर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का. (आमच्या ग्रुपवर त्याला आयएसआय मार्काचा मान आहे.) सहाव्यासाठी अंगठा पुन्हा हलवावा लागतो, तेवढ्यात राग निवतोच.

पाचच का? चार का नाही, सहा का नाही? राईनपाड्यात कुणीतरी नीट मोजलं असणार.