सगळं हिरवंगार

मांडव्याला बिऱ्हाड हलवलं तेव्हा मित्रांना वाटलं, १९९० च्या 'अग्निपथ'मधल्या मांडव्याच्याच विजय दीनानाथ चौहानसारखा मीही सूडबिड घ्यायला निघालोय. मी बसलो होतो शेजारच्या काकूंच्या होमस्टेचं बुकिंगचं पान बनवत.

कोडला टेस्ट हव्यात म्हणून जेस्ट हे टेस्ट चालवणारं साधन उघडून असा सपाटा लावला की कव्हरेज थेट शंभर टक्के. पानातल्या घटकाला त्याच्या पोटातली स्टेट विचारली, ती बरोबर. सर्व्हरच्या जागी माझंच बुजगावणं उभं केलं, त्यानेही मान डोलावली. पानाचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला, आणि काही बदललं की जेस्ट लाल होऊन ओरडायचं, तेव्हा मी 'यू' दाबायचो, म्हणजे 'आता आहे तेच बरोबर', की ते निमूट हिरवं. एवढी आज्ञाधारक वस्तू आमच्या घरात दुसरी नाही.

काकूंनी बटण दाबलं. ढिम्म. 'गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने या' ही माझी लांबलचक पट्टी मोबाइलवर बटणाच्याच अंगावर पसरली होती. माझ्या टेस्ट चालायच्या जेएसडॉम नावाच्या नकली ब्राउझरमध्ये, आणि ते बापडं पान रंगवतच नाही. कोण कोणाच्या डोक्यावर बसलंय ते त्याला कळत नाही, मापं विचारली तर सगळ्यांची लांबी-रुंदी शून्य. पट्टी सरकवली, तर दादरच्या एका कुटुंबाने नेट रखडलं म्हणून बटण दाबत राहावं, प्रत्येक दाबण्याला नवं बुकिंग व्हावं, आणि काकूंनी त्या हिशेबाने सुरमई आणावी! आली चौघंच. तीही शाकाहारी.

मग २०१८ साली केंट डॉड्सने काढलेली टेस्टिंग लायब्ररी धरली. तिथे आतली खूणगाठ शोधत बसायचं नाही. काकूंना जे दिसतं त्यावरून शोधायचं. 'खोली राखून ठेवा' असं लिहिलेलं बटण शोध, दोनदा दाब, विनंती एकच गेली का बघ. टेस्ट लालभडक! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एखाद्या टेस्टने मला काहीतरी सांगितलं. पहिल्या दाबण्यानंतर बटण बंद पडेल अशी सोय केली, आणि पट्टीसाठी प्लेराइट लावलं. ते खराखुरा ब्राउझर उघडतं आणि बटण झाकलेलं असलं तर दाबायलाच नकार देतं.

"ते राहू दे रे," काकू म्हणाल्या, "माझा फोन नंबर टाक मोठ्या अक्षरात."

टाकला. टेस्टही लिहिली: नंबर दिसतो? दिसतो. हिरवं.

फक्त नमुन्याला घातलेला माझाच नंबर तिथे राहिलाय. आज सकाळी सहाला एकाने विचारलं, जेवणात सुरमई असते का?