ऑनसाइट नाना

मुरुडात कुणाला संगणक घ्यायचा झाला की दुकानाची पायरी चढण्याआधी नानांच्या पडवीत जावं लागतं. तसा काही दंडक नाही. पण न विचारता आणलेलं यंत्र उद्या बिघडलं, तर नाना तोंडाने फक्त "असू दे, असू दे" एवढंच म्हणतात, आणि ते ऐकून घेण्यापेक्षा आधी विचारलेलं परवडतं. असे नाना रेवदंड्यात आहेत, श्रीवर्धनात आहेत, अलिबागेत तर आळीगणिक आहेत. आमचे त्यांतले अस्सल, कारण ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. लोक १९८ फिरवून ओरडायचे आणि नाना इकडे वहीत शांतपणे नोंद करायचे. फोन सुरू न करता तक्रार कशी बंद करतात, हे ज्ञान त्यांनी आतल्या बाजूने मिळवलेलं आहे.

त्यामुळे समोरचा माणूस प्रोसेसर, रॅम, एसएसडी असलं बोलायला लागला की नाना अडकित्त्यात रोठा सुपारी धरतात आणि कातरून संपेपर्यंत मान वर करत नाहीत. मग विचारतात, "ते राहू दे. बिघडल्यावर येणार कोण?"

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतलं एक जोडपं मुलीला घेऊन त्यांच्याकडे आलं. घरातल्या खोल्या पर्यटकांना देणारी माणसं. मुलीला लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. तिने मोबाइलवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी लावून आणले होते आणि दुसऱ्यातलं ग्राफिक्स कार्ड कसं भारी आहे ते ती नानांना समजावत होती.

"अगो बाय," नाना म्हणाले, "घरात अर्थिंग आहे का?"

मुलीने बापाकडे बघितलं, बापाने आईकडे. आईला तेवढं ठाऊक होतं. "तिसरा होल आहे, पण त्यात वायर नाही."

नानांनी समाधानाने मान हलवली. अज्ञान कबूल करणारं गिऱ्हाईक त्यांना आवडतं.

मग परीक्षा सुरू झाली. नाना लॅपटॉपची परीक्षा घेत नाहीत, कंपनीच्या फोनची घेतात, आणि तीही खरेदीच्या आधी. टोल फ्री नंबर लावायचा, स्पीकर चालू करायचा आणि पलीकडचं संगीत ऐकत बसायचं. "एकच तुकडा दोनदा वाजला तर माणसं पुरेशी आहेत. चारदा वाजला तर जेवायला गेलीत. मधेच तुटला तर ती कंपनी घेऊच नका." माणूस फोनवर आला की मॉडेल सांगायचं नाही, आधी पिन कोड सांगायचा. ४०२४०१.

"हो सर, मुरुड. आपल्याकडे ऑनसाइट सेवा उपलब्ध आहे."

"कुठलं मुरुड?"

पलीकडे शांतता. कारण एक मुरुड आमचं, जंजिऱ्याचं. दुसरं दापोलीत, हर्णैच्या शेजारी. तिसरं थेट लातूर जिल्ह्यात. आमच्यासाठी निघालेला सुटा भाग हर्णैला पोचला आणि तिथल्या कुणी तो निमूटपणे बसवूनही घेतला, असं नाना सांगतात. मला ते पटत नाही, पण नानांपुढे तसं बोलायची सोय नाही. पहिल्या कंपनीची मुलगी म्हणाली, "लातूर ना सर?" नानांनी फोन ठेवला. दुसऱ्या कंपनीचा मुलगा म्हणाला, "जंजिऱ्याजवळ ना? आमचा माणूस पनवेलहून येईल." नाना आमच्याकडे वळून म्हणाले, "हा कधीतरी सहलीला आलाय. हीच कंपनी घ्या."

ग्राफिक्स कार्ड त्याच क्षणी निकालात निघालं. त्याचे वाचलेले पैसे तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीत गेले. मुलीचं तोंड एवढंसं झालं.

इथे मात्र मला नानांची बाजू घेतली पाहिजे. आमच्याकडे यंत्राचा शत्रू व्हायरस नव्हे, खारा वारा. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कळंक चढतो तसा तो बोर्डावरच्या तांब्यालाही चढतो. त्यात पावसाळ्यात वीज जाते त्याहून भयंकर म्हणजे परत येते. पाल एसएमपीएसमध्ये शिरून स्वतःही मरते आणि संगणकालाही नेते. वॉरंटीच्या कागदावर हे सगळं असतं, पण शेवटच्या पानावर, "यास कंपनी जबाबदार नाही" या मथळ्याखाली: गंज, कीटक, पाणी, विजेचा दाब, नैसर्गिक आपत्ती. नाना तो कागद भिंगातून, शेवटच्या पानापासून उलटा वाचतात. त्यांच्या पडवीत देवाच्या तसबिरीखाली एक हिरवा पडलेला मदरबोर्ड टांगलेला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं, वाड्यांतले माड-पोफळी आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या वादळातला हा बोर्ड. वॉरंटीत असून नाकारला गेलेला. कागद न वाचता सही करणाऱ्याला नाना आधी त्याच्यासमोर उभं करतात.

त्यातून कुणी ऐकलं नाही तर ते इंग्रजांना साक्षीला बोलावतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने उपकरणं बिघडतील, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली आणि तिच्या इमारतीत लोखंड येऊ दिलं नाही. "साहेबाने ट्राम यायच्या आधी जागा बदलली. तुम्हाला फ्रिजच्या बोर्डावरून संगणकाची पिन काढायला सांगतोय, तर जिवावर येतंय!"

गावातल्या दुकानात जोडून मिळणाऱ्या संगणकाबद्दलही त्यांचं मत पक्कं आहे. रॅमची वॉरंटी एकाकडे, हार्डडिस्कची दुसऱ्याकडे, एसएमपीएसची लॅमिंग्टन रोडवर कुणाकडे तरी. पण दुकानदार स्कूटरवरून संध्याकाळी घरी येतो, चहा घेतो आणि चालू करून जातो. "तो धडधाकट आहे तोवर याच्यासारखी सेवा नाही," नाना म्हणतात, आणि घ्यायला आलेल्याला दुकानदाराची शुगर किती आहे ते सांगतात.

कंपन्यांनी अलीकडे फोनवरची माणसं कमी करून लिहून उत्तर देणारं यंत्र बसवलं, तेव्हा नाना थोडे खचले. तरी त्यांनी त्यालाही लिहिलं: "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय नमूद करण्यात येते की..." यंत्राचं उत्तर आलं, "क्षमस्व, मला समजलं नाही." नाना म्हणाले, "आमच्या साहेबालाही समजत नसे. पण तो खाली सही तरी करायचा." त्यांचं शेवटचं अस्त्र म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. आता ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे आमच्यासाठी अलिबागला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. हे अस्त्र नानांनी अजून एकदाही सोडलेलं नाही. नुसतं फोनवर, "१९१५ ला लावू का?" एवढं विचारतात आणि पलीकडचा आवाज मऊ होतो.

मुलीचा लॅपटॉप मात्र बिघडेना. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. नाना येता-जाता विचारायचे, "काही आवाज वगैरे येतो का गो?" नाही म्हटलं की उदास व्हायचे. एवढे पैसे भरलेली वॉरंटी फुकट चाललेली त्यांना बघवेना. शेवटी मुदत संपायच्या महिन्यात एक बटण जरा सैल झालं, आणि नानांनी स्वतः तक्रार नोंदवली.

इंजिनियर पनवेलहून निघाला. "वडखळला आहे," असा सकाळी फोन आला. नानांनी आम्हाला समजावलं की वडखळला आहे म्हणजे अजून घरी आहे. पण पोरगा खरंच वडखळच्या कोंडीत होता. भर दुपारी घामाने निथळत पोचला, पाच मिनिटांत बटण बदललं आणि घाईने म्हणाला, "काका, मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. तो टाकल्याशिवाय तक्रार बंद होत नाही."

नाना झोपाळ्यावर सावरून बसले. वहीत "लाइन ओके" लिहून परस्पर तक्रारी बंद करण्यात ज्याची उमर गेली, त्याच्या हातात आज समोरच्याची तक्रार बंद करणं होतं. त्यांनी मोबाइल बंडीच्या खिशात टाकला.

"सुरमई तळायला टाकलीय," ते म्हणाले. "हात धुऊन घ्या. ओटीपी जेवणानंतर."

"काका, तो दहा मिनिटांत एक्स्पायर होतो."

"मग दुसरा मागवू. तुमचीच कंपनी आहे ना?"