आधणाचे अण्णा

सांगलीच्या गावभागात, खणभागात, अगदी विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्येसुद्धा हे अण्णा सापडतात. नोकरीतून निवृत्त, गुडघे कुरकुरते आणि घरातली सगळी खाती एकेक करून सूनबाईंकडे गेलेली. हातात उरलंय एकच खातं, चहाचं आधण. ते मात्र अण्णा जिवात जीव असेतो सोडणार नाहीत.

अण्णा पाणी अंदाजानं ओतत नाहीत. ज्या कपातून प्यायचं त्याच कपानं मोजायचं. माणशी पाऊण कप, शिवाय 'वाफेचं' म्हणून दोन चमचे वर. पाहुणा "अर्धाच करा" म्हणाला की अण्णा हिरमुसतात, कारण अर्ध्या कपाची वाफ किती हा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. पातेलंही ठरलेलं, बुडाला पोचा आलेलं. सूनबाईंनी एकदा ते भंगारात घातलं, तर अण्णांनी भंगारवाल्याला मारुती चौकात गाठून परत आणलं.

गॅस पेटला की गप्पा बंद. अण्णा कान देऊन उभे. "आत्ता सूं सूं करतंय ना, ते अजून कच्चं आहे. बुडाशी वाफेचे बुडबुडे होतात आणि वरच्या गार पाण्यात विरतात, त्याचा हा आवाज. आवाज पडला की मग खळखळणार." शास्त्र बरोबर आहे, पण घरच्यांना ते रोज दोनदा ऐकावं लागतं. एवढ्यात कुणी झाकण उचललं तर संपलंच! पाहुणा नवा असेल तर पुढचा धडाही मिळतो: सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, म्हणून इथं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर 95 लाच. "मग तिथल्या चहाला चव कुठली ओ?"

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा अण्णा मिरजेला व्याह्यांकडे होते. सगळं घर फोनवर "आयर्विनला किती?" विचारत होतं, अण्णा स्वयंपाकघरात डोकावून "पातेल्यात किती?" आयर्विनची धोक्याची पातळी 45 फूट, अण्णांच्या पातेल्याची काठाखाली दोन बोटं. विहीणबाई दोन दिवसांतच पूर ओसरायची वाट बघू लागल्या.

पुण्याच्या लेकानं विजेची किटली पाठवली. पाणी उकळलं की आपोआप बंद होते म्हणे. "तिला काय कळतंय कधी थांबायचं ते? आणि आलं कुठं ठेचून टाकू?" किटलीत सध्या सुटे पैसे असतात.

तेव्हा सांगलीत कुणी "चहा घेऊन जावा" म्हणालं तर आधी आधण कोण ठेवणार ते विचारा. अण्णा ठेवणार असतील तर अर्धा तास हाताशी ठेवूनच बसा. चहा मात्र फक्कड असतो, आणि त्यात अण्णांचा वाटा फक्त पाण्याचा. पावडर, साखर, दूध सूनबाईच घालतात.