मागचा शॉकअप, पुढचं पोट

पन्नाशीत माणसं गुडघ्याच्या वाट्या बदलतात. मी मोटारसायकलचे मागचे शॉकअप बदलले. गाडी बार्सिलोनाच्या कारखान्यातली, बुल्टाको शेर्पा टी. ट्रायल्सचा नामांकित स्वार सॅमी मिलरने १९६५ साली ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ जिंकली ती बुल्टाकोवरच. नोकरीसाठी यॉर्कशरला आलो आणि मलाही ट्रायल्सचा नाद लागला. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. ओढ्यातल्या दगडधोंड्यांवरून गाडी गोगलगायीच्या चालीने न्यायची. एकदा पाय टेकला की एक गुण, गाडी अडली की पाच. आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. शाळेत ही पद्धत असती तर मी बोर्डात आलो असतो.

जुने शॉकअप नावापुरते उरले होते. आतलं तेल हवेबरोबर घुसळून त्याचा ताकासारखा फेस होई, आणि फेस कुणाला आवरणार? दगडावरून उतरताना गाडी मागून फुगडी घाली. गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो, तो फेस होऊ देत नाही.

“हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो ना? मग पैसे कशाचे?” बायकोने विचारलं.

“दाबाचे,” मी दबक्या आवाजात म्हणालो.

दुकानदाराने फोनवर स्वाराचं वजन विचारलं; स्प्रिंग त्यावर ठरते. मी ६८ किलो सांगितलं. आकडा खोटा नव्हता. लग्नाच्या वर्षीचा होता.

शॉकअप बसवले. आता मापं. मागचं चाक अधांतरी ठेवून आसापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत मोजायचं, मग स्वाराने फूटरेस्टवर उभं राहायचं आणि पुन्हा मोजायचं. चाकाच्या एकूण चालीचा साधारण तिसरा हिस्सा गाडी खाली बसावी. माझ्या गाडीत तो ४० मिलिमीटर. मुलाने हँडल धरलं, बायकोने टेप.

“५५.”

“नीट बघ.”

“५५च. अहो, श्वास रोखून वजन कमी होत नाही.”

मी हुकाचा पाना घेतला आणि स्प्रिंगखालची रिंग आवळत गेलो. ४० आले! पण खाली उतरलो तर गाडी टाचा उंचावून उभी; स्वतःच्या वजनाने तसूभर बसेना. रिंग आवळल्याने गाडीची मागची बाजू उचलली जाते, स्प्रिंग काही कडक होत नाही. पट्टा आवळून पोट जात नाही, तसंच. स्प्रिंगच मवाळ होती.

पुन्हा फोन केला. “८६,” मी म्हणालो.

“बूट-हेल्मेटसकट?”

“...९०.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही. असे फोन त्याला रोज येत असावेत.

नव्या स्प्रिंगा बसल्या. गाडी आता बरोबर ४० मिलिमीटर बसते. तुम्ही शॉकअप मागवाल तेव्हा वजन आजचं सांगा. आणि काट्यावर बूट घालून चढा.