परखड सभासदास अनावृत पत्र

माननीय परखड सभासद यांस,



हे पत्र सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकणार होतो. पण तिथे दोन मिनिटांत कोणाचा तरी ‘शुभ सकाळ’चा गुलाब त्यावर येऊन बसला असता, मागोमाग कोणाच्या नातवाचा वाढदिवस, आणि संध्याकाळी तुम्हीच विचारलं असतंत, “नेमका विषय काय आहे?” म्हणून छापील मार्ग पत्करला. तुमचं नाव लिहीत नाही. त्याची गरजही नाही. मुलुंडपासून कोथरूडपर्यंत प्रत्येक वाचकाला त्याच्या बिल्डिंगमधला चेहरा आपोआप दिसेल.

तुमचा दिवस आमच्याआधी सुरू होतो. सहा वाजता पाणी आलं नाही की सहा वाजून एक मिनिटाला तुमचा मेसेज येतो: “हे कितपत योग्य? जबाबदार कोण?” हाच प्रश्न तुम्ही कबुतरांबद्दल विचारलात, वॉचमनच्या डुलकीबद्दल विचारलात, आणि एकदा तर ऑक्टोबरात पडलेल्या पावसाबद्दलही. सेक्रेटरी बिचारे सविस्तर उत्तर लिहितात. ते तुम्ही वाचत नाही, हे एक बरं आहे. वाचलं असतं तर चर्चा तिथेच आटोपली असती, आणि आम्ही जेवताना काय वाचायचं?

“हे कोणालाही उद्देशून नाही” अशी सुरुवात करून पुढच्याच ओळीत “चारशे दोनच्या गॅलरीतून टपकणारं पाणी” लिहायची तुमची हातोटी मला फार आवडते. चारशे दोनचे लोकही तितकेच सभ्य. तेही कोणालाही उद्देशून नसलेलं उत्तर देतात, त्यात तुमच्या स्कूटरचा नंबर असतो.

लिफ्टचं प्रकरण मात्र संग्रही ठेवण्यासारखं झालं. तळमजल्यावरच्या काकूंनी साधं विचारलं होतं, “मी लिफ्टमध्ये पाऊलही ठेवत नाही, मग पैसे का भरू?” प्रश्न माणसाला पडावा असाच आहे. सेक्रेटरींनी आदर्श उपविधींच्या पानाचा फोटो टाकला: लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, लिफ्ट वापरा अथवा न वापरा. इथे विषय मिटायला हवा होता. पण तुम्ही लिहिलंत, “कायदा बाजूला ठेवा, माणुसकीने बोला.” मग माणुसकी सुरू झाली. सातव्या मजल्याने विचारलं की, मग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च काय फक्त आम्हीच करायचा? पहिल्या मजल्याने गुडघेदुखीचा दाखला दिला. कोणीतरी मजल्याप्रमाणे दर लावा म्हणालं. तुम्ही राहता तिसऱ्यावर. रात्री साडेअकराला तुमची तोड आली: एक ते तीन मजल्यांनी निम्मे पैसे द्यावेत. माणुसकीची हद्द नेमकी तुमच्या दाराशी संपली, हा योगायोगच म्हणायचा.

पाण्याचा तुमचा मुद्दा मात्र मी मनापासून मानतो. उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार ठरतो तो फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून. घरात माणसं किती, हे कोणी विचारत नाही. एकट्या आजींना आणि आठ जणांच्या घराला सारखंच बिल येतं, यावर वाद व्हायलाच हवा. तो तुम्ही घातलातही, अगदी मुद्देसूद. फक्त घातलात तो ग्रुपवर, भारत-पाकिस्तान सामना चालू असताना, आणि त्याला उत्तर म्हणून तीन अंगठे आणि एक “षटकार!!!” आला. तो षटकार तुमच्या मुद्द्याला नव्हता.

पार्किंगचं सोडून देऊ. बिल्डरला स्टिल्टमधली जागा वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगून टाकलं. त्याचं तुमच्या डोक्यावर ओझं नाही. “मी जागेचे पैसे मोजलेत” हे एक वाक्य तुम्हाला पुरतं.

तुमची लोकशाही खुलली ती पोलची सोय आल्यापासून. “कुत्र्यांना लिफ्टमधून न्यावे का?” पर्याय तीन: हो, नाही, मालकाकडे बघून. एकेका घरातून नवरा, बायको, मुलगा आणि मुलाचा ऑफिसचा नंबर अशी मतं पडली. भाडेकरूंनी दिली, फ्लॅट विकून गेलेल्यांनी दिली. न्यू जर्सीहून एका चिरंजीवांनी तिकडच्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, वडिलांच्या वतीने ‘नाही’ दाबलं. त्यांच्या स्वतःच्या कुत्र्याचा फोटो डीपीला आहे. आता, सहकार कायद्यात एका सभासदाला एकच मत असतं आणि ते दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नाही. शिवाय सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवून ठेवलं आहे. पण तुम्ही पोलचा निकाल नोटीस बोर्डावर लावायची मागणी केलीत. खाली सही कोणाची करायची, यावर मग पुढचा आठवडा गेला.

अ‍ॅडमिनलाही तुम्ही अधूनमधून कोर्टात खेचायची भाषा करता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात म्हटलं की, ग्रुपवरच्या कोणी आक्षेपार्ह लिहिलं, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार ठरवता येत नाही. दोघांचा तसा आधीच संगनमताचा बेत असला तर गोष्ट वेगळी. आमच्या अ‍ॅडमिनचं कोणाशीच मत जुळत नाही, तेव्हा संगनमताची भीती नको.

ग्रुप सोडण्याची तुमची धमकी जुनी आहे. पूर्वी तुम्ही गेलात की सगळ्यांना दिसायचं, धावपळ व्हायची, कोणी तरी समजूत घालून परत आणायचं. २०२२ पासून गुपचूप जाता येतं, फक्त अ‍ॅडमिनला कळतं. त्यामुळे हल्ली तुम्हाला जाण्याआधी चार परिच्छेद लिहावे लागतात. आणि मग त्यावरच्या प्रतिक्रिया वाचायला थांबावं लागतं.

आता मूळ कामाचं. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. पूर्ण चौदा दिवसांची नोटीस निघते. कोरम लागतो तो सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा लहान असेल तो. आमच्या ग्रुपवर दीडशेच्या आसपास नंबर आहेत. सभेला वॉचमनने मांडलेल्या खुर्च्यांवर सेक्रेटरी, खजिनदार, तीन निवृत्त गृहस्थ, लिफ्टवाल्या काकू आणि मी. नोटिशीतली शेवटची ओळ महाराष्ट्राला पाठ आहे: कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल. तो अर्धा तास आम्ही तुमची वाट बघतो. मग चहा येतो, मग लिफ्टच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक चार मिनिटांत मंजूर होतं. सूचक, अनुमोदक, टाळ्या. विरोध कोण करणार? विरोध करणारे सगळे वर घरात असतात.

आणि आम्ही खुर्च्या उचलत असतानाच तुमचा मेसेज येतो: “सभेत काय ठरलं?” कळल्यावर दुसरा: “आम्हाला न विचारता हे ठरवलंच कसं?”

गेल्या निवडणुकीत समितीवर यायला कोणी तयार नव्हतं. पाच जागांसाठी अर्ज मागवले, आले तीन, त्यातला एक सेक्रेटरींनी बायकोच्या नावाने भरलेला. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत, “योग्य व्यक्तींनी पुढे यावे.” त्याला अठ्ठावीस अंगठे आले. त्या अठ्ठावीस जणांपैकी एक जण जरी खाली उतरला असता, तरी खजिनदारांना वयाच्या सत्तराव्या वर्षी पुन्हा पावत्या फाडायला बसावं लागलं नसतं.

मी तुम्हाला गप्प बसवायला लिहीत नाही. तुमच्याएवढा बायलॉजशी भांडणारा माणूस आमच्यात दुसरा नाही, आणि पाण्याच्या बिलावर तुम्ही जे लिहिलंत ते इतिवृत्तात नोंदलं गेलं तर पुढच्या समितीला त्याचं उत्तर द्यावं लागेल. ग्रुपवरच्या षटकाराची नोंद कुठेही होत नाही.

यंदाची सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता, खाली पार्किंगमध्ये आहे. विषयपत्रिकेत तीन नंबरला पाण्याची आकारणी आहे. फोन घरी ठेवून या. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
कोरमची वाट बघणारा एक सभासद

ता. क. चारशे दोनवाल्यांनाही असंच पत्र पाठवलं आहे. ते येतो म्हणाले आहेत.