शेरा : सुस्थितीत

३१ मार्चला नानांच्या घरी कुणी जाऊ नये. त्या दिवशी कपाट बंद असतं. म्हणजे दार सताड उघडं, पण व्यवहार बंद. आतले सगळे कपडे पलंगावर, खुर्च्यांवर आणि झोपाळ्यावर काढून ठेवलेले असतात आणि नाना बनियन-लेंग्यावर, कानाला पेन्सिल खोचून, 'प्रत्यक्ष पडताळणी' करत असतात. अंगावरचे कपडे सर्वांत शेवटी मोजायचे असा नियम आहे. एका वर्षी ते मोजायचे राहिले आणि दोन नग कमी भरले. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांची जेवणं संध्याकाळी झाली.

असे नाना तुमच्याही इमारतीत असतील. ज्यांनी उभी नोकरी दुसऱ्यांच्या वस्तू मोजण्यात घालवली, अशी ही माणसं: भांडारपाल, गोदीतले टॅली क्लार्क, शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या सांभाळणारे. निवृत्तीनंतर यांचा हात शिवशिवतो. कुणी पाण्याच्या मीटरकडे वळतो, कुणी सोसायटीच्या हिशेबाकडे. (हे दुसरे जास्त घातक, पण त्यांच्यासाठी वेगळा लेख लागेल.) आमचे नाना सरकारी भांडारपाल. ते स्वतःच्या कपाटाकडे वळले.

कपाटाची वही लाल कापडी बांधणीची, लांबुळकी. तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'जडवस्तू संग्रह नोंदवही' असं लिहिलं आहे. आत रकाने आखलेले : अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, खरेदी दिनांक, किंमत, आवक, जावक, शिल्लक, शेरा. यातला शेवटचा रकाना म्हणजे नानांचं खरं वाङ्मय. 'कॉलर उलटवून घेतली.' 'कोपरात झिरझिरीत, स्वेटरच्या आत घालण्यास योग्य.' 'डाव्या खिशाला शाईचा डाग, पेन त्याच खिशात ठेवावे.' डांबरगोळ्यांनाही स्वतंत्र पान आहे. मार्चमध्ये ठेवलेल्या गोळ्या दिवाळीपर्यंत वाटाण्याएवढ्या होतात, त्यापुढे नाना 'नैसर्गिक घट' लिहून सही करतात. धान्याच्या गोदामात घट मान्य असते, मग इथे का नसावी, असं त्यांचं म्हणणं.

नानांच्या वहीत कपडा मरत नाही, त्याचा फक्त वर्ग बदलतो. बाहेर जायचा सदरा 'घरगुती' होतो, मग 'रात्रीचा', मग बाह्या कापून 'रंगकामाचा' आणि सरतेशेवटी स्कूटर पुसायचं फडकं. क्रमांक मात्र जन्माचा तोच. "तो चोवीस नंबर आण रे," असं ते जिन्यातून ओरडतात तेव्हा नातवाला कळतं की स्कूटरच्या हँडलला लटकवलेलं फडकं पाहिजे आहे. त्याच चोवीस नंबरात नाना साखरपुड्याला उभे होते. फोटो आहे.

आता एवढी शिस्त असलेला माणूस नीटनेटका दिसत असेल, असं कुणालाही वाटेल. नाना वर्षानुवर्षं तेच तीन सदरे आलटून पालटून घालतात. याचं कारण त्यांच्या एका तत्त्वात आहे. भांडारात त्याला 'फिफो' म्हणतात, म्हणजे जो माल आधी आला तो आधी बाहेर. जुना संपल्याशिवाय नवा काढायचा नाही. धान्याला, सिमेंटला, औषधांना हा नियम उत्तमच. पण नानांच्या कपाटात जुना माल आहे टेरिकॉटचा. ६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के कॉटन, तसं कापडाच्या किनारीवर छापलेलंच असे. सुती सदरे बिचारे वेळेवर विरतात आणि पुढच्याला जागा करून देतात. टेरिकॉट विरत नाही, विटत नाही. कसर लोकर खाते, रेशीम खाते, टेरिकॉटला ती तोंड लावत नाही. नानांचा हातविणीचा स्वेटर तिने एका पावसाळ्यात जाळीदार केला, पण शेजारच्या टेरिकॉटच्या पॅन्टीकडे ढुंकून पाहिलं नाही. परिणामी लेकीने बंगळुरूहून पाठवलेले सहा उत्तम सुती शर्ट खोक्यातच आहेत, टाचण्यांसकट. वहीत 'राखीव साठा.' लेक दर खेपेला विचारते, "नाना, शर्ट आवडला ना?" नाना म्हणतात, "त्याचा नंबर लागायचाय."

सगळ्यांचा नंबर अडवून बसला होता तो सफारी. १९८६ सालचा, बिस्किटी रंगाचा, चार खिशांचा. त्या काळी सफारी घातलेला माणूस निदान उपअभियंता तरी वाटे. नानांच्या पोटाने त्याच्याशी संबंध कधीच तोडले आहेत. वहीतला शेरा असा : 'वस्तू सुस्थितीत. वापरणारा वाढीव.'

माईंच्या कपाटाला वही नाही. नानांनी एकदा प्रयत्न केला होता. पहिलीच वस्तू निघाली ती माईंच्या आईने दिलेली येवल्याची पैठणी, मोराच्या पदराची. माई ती जुन्या मऊ धोतरात गुंडाळून ठेवतात आणि अधूनमधून घडी मोडून दुसरीकडून घालतात, कारण एकाच घडीवर पडून राहिलं तर रेशीम तिथेच चिरतं. नानांनी किंमत विचारली. "आईने दिली," माई म्हणाल्या. फुकट आलेल्या वस्तूची किंमत भांडाराच्या रीतीप्रमाणे शून्य. नानांनी शून्य लिहिलं. माईंनी ते वाचलं. ती वही त्याच दुपारी बंबात गेली.

तरी माईंच्या कपाटातल्या सर्वांत खालच्या कप्प्यावर नानांचा डोळा असतो. तो देण्याघेण्याचा कप्पा. ओटीचे खण, ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या, शर्टपीस, पॅन्टपीस. यातलं काहीही शिवायचं नसतं, ते फक्त फिरत राहतं. माईंची नजर चुकवून नानांनी इथल्या एका पॅन्टपीसच्या किनारीवर पेन्सिलने बारीक क्रमांक घातला होता. तो पुतण्याच्या मुंजीत आहेर म्हणून गेला. काही वर्षांनी एका वास्तुशांतीला नानांना पॅन्टपीस मिळाला, घरी येऊन उलगडला, तर किनारीवर तोच क्रमांक. दुसरा कुणी असता तर रागावला असता. नानांचे डोळे भरून आले. "नोंद जुळली!" म्हणत ते घरभर फिरले. आपण दिलेला आहेर किती घरांची धूळ झाडून आपल्याकडे आला, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. माल भांडारात परत आला होता, अखंड, न शिवता.

यंदा त्यांनी निर्लेखन समिती नेमली, म्हणजे निकामी वस्तू वहीतून कमी करणारी. अध्यक्ष नाना, सदस्य मी आणि तळमजल्यावरचे जोशी. जोशी पहिल्या दहा मिनिटांत झोपाळ्यावरच्या मफलरींमध्ये झोपले. मी सफारी निकालात काढायचं सुचवलं. नानांनी विचारलं, "कारण काय दाखवायचं? फाटलाय? नाही. विरलाय? नाही. वस्तू चालू आहे." सभा तहकूब झाली.

तहकूब असतानाच बोहारीण आली. माईंनी दारातच सफारी पुढे केला. बोहारणीने पॅन्टीचा शिवणपट्टा ओढून पाहिला, कोट उजेडात धरला आणि म्हणाली, "पॅन्टीला गिऱ्हाईक आहे, कोट तुमच्याकडेच ठेवा." तासभर घासाघीस होऊन दोन्हींवर स्टीलचा एक डबा ठरला. आता स्फोट होणार म्हणून मी चपला शोधायला लागलो. नानांनी चष्मा लावला, वही उघडली आणि लिहिलं : 'जावक : सफारी, एक जोड.' मग समोर लिहिलं, 'आवक : डबा, एक नग.' आणि पेन्सिल थांबली. डबा कपाटाच्या वहीत कसा दाखवणार? त्याचं भांडार वेगळं.

दुसऱ्या दिवशी नानांनी लाल बांधणीची नवी वही आणली. आठवडा झाला, ते ती घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे आहेत आणि माई त्यांना आत येऊ देत नाहीत.